ठसका

नंदुरबारात डिसेंबर ते मार्च
कुणीही कधीही खोकतं.
पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, नजर जाईल तिथवर लाल,
वारा फिरला की स्टँडवरचा कंडक्टरसुद्धा
तिकीट फाडता फाडता थांबतो, डोळे पुसतो.
म्हणून आमच्या गावात खोकला
हा कशाचाच पुरावा नसतो.

हे हितेशला बरोबर माहीत होतं.

दिलवर वळवी वर्गात आला की
पहिला खोकायचा तो, मागच्या बाकावरून, बारीक.
मग खिडकीकडची रांग. मग मुली.
मग मी.

दिलवरची आई पथारीवर देठ खुडते.
त्याच्या शर्टाला, वहीला, डब्याच्या फडक्याला
मिरचीचा वास.
पथारी माझ्या काकांची.
आमच्या कपाटातल्या नोटांनाही तोच वास येतो,
त्यांच्यापुढे कधी कुणी खोकलं नाही.

सैंदाणे सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे,
'हंगाम आहे, पाणी प्या रे.'
आणि वर्ग पाणी प्यायचा, हसू गिळत.

सुरुवातीला दिलवरही हसायचा.
मी तेवढंच धरून बसले होते : हसतो ना तो, मग मस्करीच.
नंतर तो सरांच्या मागोमागच आत शिरू लागला.
नंतर डबा आणेनासा झाला.
नंतर त्याचा शर्ट रोज सकाळी दमट असायचा,
कॉलरला साबणाचे पांढरे डाग.
आठवीतला मुलगा पहाटे उठून
आपल्या आईचा वास धुऊन येत होता.

जुलै. नववीचा वर्ग.
पथाऱ्यांवर गुडघाभर गवत,
अख्ख्या गावात उन्हात मिरचीचं एक बी नाही,
आणि तो दारात आला,
आणि वर्ग खोकला.
माझाही घसा तयारच होता.
तिथे थांबले.

मग वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले.
९ जुलै, पहिला तास, दारात. अकरा जण.
१० जुलै, प्रार्थनेच्या रांगेत.
११ जुलै, तो धडा वाचायला उभा राहिला तेव्हा. दुसऱ्या ओळीला खाली बसला.
१२ जुलै, आला नाही.
खाली नावं.
पहिलं लिहायला सोपं होतं,
शेवटचं माझं : डिसेंबर ते एप्रिल.

आधी त्याला विचारलं, पाण्याच्या टाकीमागे.
'बाईंना सांगू का?'
'काय सांगशी? पोरे खोकतस, आसं?'
बराच वेळ नळ ठिबकत राहिला.
मग म्हणाला, 'मनं नको सांगू. तुनं सांग.'

बोरसे बाईंनी ते पान दोनदा वाचलं.
'खोकल्याची तक्रार,' म्हणाल्या, आणि चष्मा काढला.
मला वाटलं, संपलं.
पण दुसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यात होत्या,
काखेत नकाशाची गुंडाळी, दाराआड,
तिसरा तास संपेपर्यंत नुसत्या ऐकत.

पुढे सगळं छान झालं, असं नाही.
हितेशचे वडील शाळेत येऊन ओरडून गेले.
मला दिवाळीपर्यंत 'चुगलखोर' ऐकावं लागलं,
काका जेवता जेवता म्हणाले, 'कसाले भानगडमा पडनी?'
तेही मागच्या पानावर लिहिलं, तारखेसकट.
बाईंनी तेही वाचलं.

डिसेंबरात वारा पुन्हा फिरला.
गणिताच्या तासाला दिलवरलाच ठसका लागला, खराखुरा,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
वर्ग एवढा गप्प, की बाहेर कुणीतरी
सायकल स्टँडला लावल्याचं ऐकू आलं.
या आवाजाचं आता काय करायचं
कुणालाच कळेना.
हितेशने बाटली पुढे सरकवली.
दिलवरने घेतली नाही.
आपली काढली, दोन घोट प्यायला,
आणि उरलेलं गणित सोडवू लागला.